द्यायचा चाकू

बालाघाटात प्रत्येक मोहल्ल्याला दोन नेते आणि एक चाकूवाले काकाजी असतातच. नेते पक्ष बदलतात. काकाजी जिथल्या तिथे: शर्टाच्या खिशात चष्मा, पँटच्या खिशात घडीचा चाकू. ते निवृत्त मास्तर असतात, नाहीतर वनखात्यातले बाबू. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडणात दोन्ही.

चाकू हा त्यांच्या लेखी जिल्ह्याच्या अभिमानाचा विषय. पोलादाला मँगनीज लागतं, ते भरवेलीच्या खाणीत. मुठीवरच्या पितळेत तांबं असतं, ते मलाजखंडला. मूठ सागवानाची, आणि सागवान आपल्याच जंगलात. "म्हणजे दुनियेतला कोणताबी चाकू घ्या, मूळचा आपल्याच जिल्ह्याचा!" स्टेनलेसला लागणारं क्रोमियम ओडिशातून येतं, असं कुणी मध्येच काढलं तर काकाजी त्याच्याकडे दयेनं पाहतात. "म्हणूनच त्याले घासत बसा लागते."

इतिहासही ते याच हत्यारानं सोलतात. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. काकाजींचे निम्मे सोयरे गोंदियाचे. "कापणाऱ्याच्या हाती बोथट हत्यार होतं जी," ते म्हणतात, "धार असती तर असं वेडंवाकडं कापलं नसतं."

खरे काकाजी पाहायचे ते दुकानात. "चांगला, पण वाजवी भावाचा दाखवा," म्हणत ते स्टूल ओढतात. दुकानदार हौसेनं आधी खटक्याचा रामपुरी काढतो. काकाजी तो हातात घेत नाहीत. "हे सिनेमातल्या गुंडाले द्या. मले पेरू कापाचा आहे." शिवाय घरकामाचं किंवा शेतीचं नसलेलं 9 इंचांहून लांब अथवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्रांच्या कायद्यात येतं, हे ते दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही ऐकवतात. पेरूला 3 इंच पुष्कळ झाले.

मग परीक्षा सुरू होते. चाकू उघडून पात्याचं टोक चिमटीत धरायचं आणि डावी-उजवीकडे हलवायचं. रिव्हेटपाशी पातं डुगडुगलं की चाकू नापास. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे, एका बाजूला घासता कामा नये. टोक मुठीबाहेर डोकावतं का, हे पाहायला मिटलेल्या चाकूवरून रुमाल फिरवायचा. धागा अडकला तर उद्या खिसा फाटणार. पातं अडकवणारा खटका असेल तर पात्याची पाठ लाकडी काउंटरवर दाबून बघायची. "बोटानं तपासणारे अर्ध्या बोटाचे झाले." शेवटी धार उजेडाकडे धरायची. धारेवर कुठं पांढरी चमक दिसली, तर तिथं ती बोथट. खऱ्या धारेची रेघ दिसत नाही.

एवढं झाल्यावर खिशातून बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं चुंबक निघतं. दुकानदार विजयानं सांगतो, "असली स्टेनलेस है काकाजी, चुंबक नहीं चिपकेगा." काकाजी याच वाक्याची वाट पाहत असतात. चुंबक चिकटत नाही ते स्टेनलेस ताटवाट्यांचं. ते तापवून, विझवून कडक होत नाही, मग धार कशी धरणार? चाकूच्या पोलादाला चुंबक चिकटलंच पाहिजे. दुकानदाराचा चेहरा पडतो आणि भावही पडतो.

पुण्याच्या पुतण्याकडे त्यांनी स्वित्झर्लंडचा लाल चाकू पाहिलाय. कात्री, करवत, दात कोरणी, सगळं आत. "संसार आहे तो, चाकू नाही." त्यांचं मन जडलंय फ्रान्सच्या ओपिनेलवर. 1890 साली सॅव्हॉयच्या डोंगराळ मुलखात जोसेफ ओपिनेलनं काढलेला साधा चाकू: लाकडी मूठ, एक पातं, आणि 1955 पासून उघडं पातं मिटू न देणारी फिरती कडी. तिकडे तो शेतकऱ्याच्या खिशातला. इकडे येईपर्यंत साहेबाच्या खिशातला होतो, एवढंच काकाजींचं दुःख.

काकाजी इतक्या चोखंदळपणे चाकू घेतात तेव्हा मोहल्ला आपणच घेतल्यासारखा खूश होतो. लग्नात हाराचा दोरा कापायला, कुरिअरचा डबा उघडायला, पंपाची वायर सोलायला एकच हाक: "काकाजी, चाकू आहे काय?" जातो तो चाकू, परत येतं ते पेचकस. कुणी त्यानं स्क्रू फिरवलेला असतो, कुणी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलेलं असतं. एकानं तर कच्चा आंबा कापून न पुसताच मिटून दिला. साध्या पोलादाचं पातं कैरीच्या आंबटानं काळं पडतं. काकाजींनी ते राखेनं घासलं आणि आंबा खाणाऱ्याशी पाऊस पडेपर्यंत अबोला धरला.

यातूनच त्यांना वाजवी भावाचा अर्थ लागला. दुकानदार सांगेल तो भाव वाजवी नव्हे, घासाघीस करून पाडलेलाही नव्हे. हरवला तर जेवण जाईल इतका महाग नको, आणि पहिल्या सुतळीला वाकेल इतका स्वस्त नको. थोडक्यात, शेजाऱ्याला देताना हात थरथरणार नाही तो भाव वाजवी. तेव्हापासून काकाजी दोन चाकू बाळगतात. उजव्या खिशात द्यायचा. बंडीच्या आतल्या खिशात, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, आपला. आपला चाकू कुणी पाहिलेला नाही. काकूंना तो फक्त धुण्यात सापडतो.

परवा गोंदियाच्या गाडीत सोयऱ्यांकडे न्यायच्या चिन्नोर तांदळाच्या पोत्याची सुतळी ढिली झाली. टोक कापून पुन्हा गाठ मारायची होती. द्यायचा चाकू स्टेशनवरच कुणीतरी टरबुजासाठी मागून नेलेला. काकाजींचा हात बंडीच्या आतल्या खिशापर्यंत गेला, क्षणभर थांबला आणि तसाच बाहेर आला. मग समोरच्या बाकावरच्या पोराला त्यांनी अत्यंत अजिजीनं विचारलं,

"काहून बापा, तुझ्याजवळ ब्लेड आहे काय?"