सुविधा भरपूर, गुण तेवढे बेताचे

नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांची स्थिती जाणून घ्यायची असेल तर शाळेत जाण्याच्या फंदात पडू नये. पावसाळ्यात चांदसैलीच्या घाटात दरड कोसळली की धडगावचा रस्ता बंद, आणि नर्मदाकाठच्या पाड्यांवर तर रस्त्यापेक्षा होडीचाच भरवसा. त्यापेक्षा घरी बसून शाळांच्या सरकारी नोंदीतलं, म्हणजे युडायसचं, एखाद्या शाळेचं पान उघडावं. तिथे घाट नाही, चिखल नाही. पिण्याचे पाणी: हो. मुलींसाठी स्वतंत्र शौचालय: हो. वापरात आहे का: हो. वीजजोडणी: हो. एवढे होकार लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थालाही उभ्या जन्मात मिळत नाहीत.

मग पाचवीच्या पोराला दुसरीचा उतारा का वाचता येत नाही? आढावा बैठकीत याची दोन उत्तरं मिळतात, आणि दोन्ही एकाच साहेबांकडून मिळतात. चहाच्या आधीचं उत्तर: भौतिक सुविधा शंभर टक्के पुरवलेल्या आहेत. चहानंतरचं उत्तर: शिकायला सुविधा लागतात कशाला, आम्ही नाही का झाडाखाली बसून शिकलो? झाडाची एवढी ओढ असलेल्या या पिढीतला एकही अधिकारी आपलं दालन सोडून झाडाखाली फायली काढताना मात्र अजून दिसलेला नाही.

केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद यांच्यासोबत नंदुरबारचाही नंबर लागला. या जिल्ह्यांसाठीच्या नीती आयोगाच्या गुणांकनात शिक्षणाला ३० टक्के वजन आहे. मुलींचं चालू स्थितीतलं शौचालय, पिण्याचं पाणी, वर्ष सुरू झाल्यापासून महिन्याभरात हातात पडलेली पुस्तकं, हे सगळं त्यात मोजलं जातं. म्हणजे इथे मुलांबरोबर जिल्हाही परीक्षेला बसतो. फरक इतकाच, की मुलाला आपला पेपर आपणच लिहून आपणच तपासता येत नाही.

आता त्या चालू स्थितीतल्या शौचालयाकडे वळू. ते असतं. त्याला कुलूपही असतं, आणि किल्ली गुरुजींच्या टेबलाच्या खणात असते. गुरुजींना दोष देऊ नका. पाणी हातपंपावरून बादलीने आणायचं, सफाईला माणूस मंजूर नाही, मग उघडं ठेवून घाण करून घेण्यापेक्षा तपासणीच्या दिवसापर्यंत कोरं करकरीत जपलेलं बरं. सातवीतली मुलगी दुपारी घरी जाते. काही दिवस परत येते, काही दिवस येत नाही, मग येतच नाही.

शिकागो विद्यापीठातल्या संशोधक अंजली अदुकिया यांनी भारतातल्या शाळांची आकडेवारी तपासून २०१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. शाळेत शौचालय बांधलं की पट वाढतो, पण वयात येणाऱ्या मुलींचा पट वाढायचा तर बहुतांशी त्यांच्यासाठी वेगळंच शौचालय लागतं, असं त्यात आढळलं. त्याच निबंधात पुढे असंही आहे की परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. हे शेवटचं वाक्य आमच्या साहेबांच्या हाती अजून लागलेलं नाही हे मुलींचं नशीब. लागलं तर पुढच्याच बैठकीत विचारतील, गुण वाढत नसतील तर बांधकाम कशाला? शिवाय हिशेबाने त्यांचं चुकणारही नाही. शाळा सोडून गेलेली मुलगी परीक्षेला बसत नाही, म्हणून शाळेची सरासरीही बिघडवत नाही. आकड्यांच्या दृष्टीने तिच्याइतकी गुणी विद्यार्थिनी दुसरी नाही.

पैशांचं म्हणाल तर सरकारचा हात सैल आहे. समग्र शिक्षा योजनेतून ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. महिन्याला ८३३ रुपये आणि वर ३३ पैसे. यातून खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती, विजेचं बिल भागवायचं आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. वर्षाचे हजार रुपये, शाळा भरते साधारण सव्वादोनशे दिवस. म्हणजे रोज साडेचार रुपयांची स्वच्छता. बिल थकलं की वीज तुटते, पण मीटर भिंतीवर राहतो. जोडणी आहे का, एवढंच विचारलंय. आहे.

आणि आधार! शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या उपस्थितीत देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून जिल्ह्याला आधाराची कमतरता नसायला हवी होती. पण आता शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला पट मोजतात तो आधार जुळलेल्या मुलांचा. नावात एक काना कमी पडला, बोटांचे ठसे उमटले नाहीत, की पोरगं पहिल्या रांगेत बसून पाढे म्हणत असलं तरी हिशेबात नसतं. पट घटला की शिक्षक घटतो. उरलेले गुरुजी चार वर्ग एका खोलीत सांभाळतात आणि जमेल तेव्हा, जिथे रेंज येते त्या टेकडीवर जाऊन, आधार जुळवत बसतात. गुणवत्ता का घसरली, याचा खुलासा मात्र त्यांनी लेखी द्यायचा.

पट फारच घटला तर त्यावरही उपाय आहे. २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा जवळपास १५ हजार. आदर्श म्हणून दोन नावं पुढे केली, पुण्याजवळचं पानशेत आणि आमचं तोरणमाळ. एका ठिकाणी भरपूर मुलं, चांगल्या खोल्या, पुरेसे शिक्षक, ही कल्पना वाईट आहे असं कोण म्हणेल? तोरणमाळ तर थंड हवेचं ठिकाण. फक्त शिक्षण हक्काच्या नियमात प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं लिहून ठेवलंय, आणि सातपुड्यात किलोमीटर आडवा नसतो, उभा असतो. सहा वर्षांच्या लेकराने समूहात सामील व्हायचं तर एक तर डोंगर उतरायचा, नाही तर आईला सोडून वसतिगृहात राहायचं.

झाडाखालच्या शिक्षणाचा दाखलाच हवा असेल तर तो याच जिल्ह्यात आहे. नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बुडिताच्या गावांत जीवनशाळा काढल्या. कुडाच्या भिंती, शासनाचं अनुदान नाही, आणि तरी तिथली पोरं शिकली. पाहा, सुविधा लागतच नाहीत, असं साहेब म्हणणार. पण तिथे गुरुजी पाड्यावरच राहत होते आणि मुलांशी पावरी-भिलीत बोलत होते. पुण्यात बेतलेल्या पुस्तकातली मराठी पहिल्या दिवशी परकी वाटणाऱ्या मुलाला याहून मोठी सुविधा कुठली? ही सुविधा सिमेंटची नसल्यामुळे तिचं टेंडर निघत नाही.

उन्हाळ्याची गोष्टही काढायला हवी. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घ्यायचा आदेश निघाला. मुलं एप्रिलभर शाळेत यावीत हा हेतू. पुण्यात बसून एप्रिल सोसवतो. इथे पारा चाळिशीपार आणि डोक्यावर पत्रा. अमेरिकेतल्या संशोधकांनी एक कोटी विद्यार्थ्यांचे गुण तपासून २०२० मध्ये मांडलं की वातानुकूलन नसलेल्या शाळेत वर्ष एक अंश फॅरनहाइटने जास्त तापलं तर त्या वर्षीचं शिकणं एक टक्क्याने घटतं. आमच्याकडे पंख्याचा हुक बसवलेला आहे, पंखा प्रस्तावित आहे. शिवाय दिवाळीनंतर आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातेत गेलेली पोरं परत आली असतील तरच पेपर लिहिणार.

शेवटी सरकारने लोकसहभागाचा मार्ग खुला केला आहे. २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण शाळेसाठी ५० लाखांच्या वस्तू-सेवा दिल्या की देणगीदाराला आपलं नाव पाच वर्षं शाळेला जोडता येतं. रोख रक्कम घेत नाहीत. महामार्गालगतच्या शाळांना मागणी येईलही; अक्राणी तालुक्यातल्या पाड्यावरचा फलक वाचायला कोण फिरकणार? तरीही एखादा दाता मिळेल या आशेवर एका मुख्याध्यापकांनी वरिष्ठ कार्यालयाकडे लेखी विचारणा केली आहे म्हणतात: पाच वर्षांनी फलकावरचं नाव पुसण्यासाठी लागणारा रंग देणगीदाराकडून वस्तुरूपात घ्यावा, की दहा हजारांच्या अनुदानातून आणावा, याबाबत मार्गदर्शन व्हावे.