ज्ञानाचा झब्बू

मुलांच्या हातात पत्ते दिसले की पूर्वी कान उपटला जायचा. आता त्याच पत्त्यांवर हायड्रोजन, हेलियम छापा, खोक्यावर 'शैक्षणिक' लिहा. आजोबा स्वतः विकत आणून देतात. मूलद्रव्यं 118, म्हणजे कॅट पिसायलाच दोघं लागतात. वर नियमांची पुस्तिका. खेळाच्या शोधकर्त्याची अपेक्षा अशी, की पोरं सोडियमवर क्लोरीन टाकून मीठ करतील. पोरं फक्त कोपऱ्यातला अणुक्रमांक बघतात, मोठ्या आकड्याचा हात असं ठरवतात आणि झब्बू सुरू! ओगॅनेसन हा हुकमाचा एक्का. हायड्रोजन विश्वात सर्वांत जास्त असेल, इथे मात्र त्याला दुरीइतकीही किंमत नाही.

पत्त्यांतून शिकवायची हौस जुनीच आहे. थॉमस मुर्नर या फ्रान्सिस्कन साधूने 1507 मध्ये क्राकोत तर्कशास्त्राचे पत्ते काढले. विद्यार्थी त्यावर इतके भराभर शिकले, की यात काही जादूटोणा असावा असा संशय आला म्हणतात. आजच्या शोधकर्त्यांवर हा आळ यायची मुळीच भीती नाही.

आणि आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा? 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, आकडी पत्त्यांत पाच रंगांत दश्शी वरचढ आणि उरलेल्या पाचांत एक्का. एवढं सगळं डोक्यात ठेवून लोक खेळायचे. चुकलं तर समोरचा खवळायचा. शिकवणीला कोणी पाठवत नसे.