बेटकुळी

हिवाळ्यात शिरूर कासारात भरलेले दंड बघायचे असतील तर जिममध्ये जावं लागतं. तालुक्यातले बाकीचे दंड तोवर ऊस तोडायला साखर कारखान्याला गेलेले असतात.

दसरा उरकला की वाड्या-वस्त्यांवर ट्रक लागतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागतात. पेट्या, पिठाचे डबे, गोधड्या, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लेकरं, असा संसार चढतो आणि सांगली, कोल्हापूर, सातारा नाहीतर थेट कर्नाटकाकडं निघतो. सिंदफणेच्या काठावर मागं उरतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि आरशासमोरची पोरं. माझी गणना चौथ्या वर्गात, खुर्चीतले. आमचं काम बैठं, पोट तेवढं पुढं जाणारं.

आरशासमोरच्या पोरांशी माझं भांडण नाही. एवढंच खटकतं, की माणसाच्या अंगात सहाशेहून जास्त स्नायू आहेत आणि यांचा सगळा जीव त्यातल्या दोनावर, उजव्या आणि डाव्या दंडाच्या पुढच्या बाजूवर. कारण उघड आहे. स्वतःच्या पाठीचा फोटो स्वतःला काढता येत नाही. बाही दुमडायची, मूठ वळायची, कोपर मोडायचं, श्वास रोखायचा आणि बेटकुळी वर आली की दोस्ताला म्हणायचं, "घे लवकर." लवकर, कारण ती फार वेळ टिकत नाही.

या बेटकुळीला, आणि तिच्या सगळ्या भावकीला, जन्मभर एकच काम येतं. ओढायचं. ढकलणं स्नायूला जमत नाही. दंडाचा पुढचा स्नायू हात कोपरात मोडतो. तोच हात सरळ करायचा तर मागचा स्नायू उलट बाजूनं ओढतो. पावसात बंद पडलेल्या एसटीला सगळे उतारू धक्का मारतात, तेव्हाही प्रत्येकाच्या अंगातला स्नायू आपापलं हाड आपल्याचकडं ओढत असतो. सगळे आपल्याकडं ओढतात आणि तरी गाडा पुढं जातो, हा चमत्कार मी एसटीखेरीज फक्त ग्रामपंचायतीत पाहिला आहे.

स्नायू आतून कसा असतो हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही, रविवार लागतो. (माळकऱ्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढं जावं.) रश्श्यातली शिजलेली फोड घ्या आणि बोटांनी उकला. ती आडवी तुटत नाही, उभी सुटते. बाहेर पातळ, पांढुरका पापुद्रा आणि आत दोरेच दोरे. टोकाला जो चिवट भाग लागतो, जो आपण हळूच ताटाच्या कडेला सारतो, ती कंडरा. तिनं स्नायू हाडाला बांधलेला असतो. दातात अडकतो तो दोरासुद्धा एकटा नसतो, तो पेशींचा जुडगा असतो. पेशी केसासारखी बारीक, पण लांबीला काही सेंटिमीटर असू शकते, आणि एकेकीत केंद्रकं शेकड्यांनी. तिच्या पोटात आणखी बारीक तंतू ठासून भरलेले. प्रत्येक तंतूला ओळीनं खण पाडलेले, इतके आखूड की मिलिमीटरभर जागेत सुमारे ४०० बसावेत. खरी करामत या खणात आहे. तिथं दोन जातीच्या काड्या एकमेकींत शिरून बसलेल्या असतात, जाड्या मायोसिनच्या आणि बारक्या अ‍ॅक्टिनच्या.

स्नायू आखडतो तेव्हा या काड्यांचं काय होतं? पूर्वी बऱ्याच विद्वानांना वाटायचं की आतलं प्रथिनच घडी घालून आखूड होत असावं. मग मे १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्स्ली आणि राल्फ नीडरगेर्के यांचा, बेडकाच्या स्नायूवरचा. दुसरा ह्यू हक्स्ली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या. दोघांचं म्हणणं एकच होतं: काडी कुठलीच आखडत नाही, बारक्या काड्या जाड्या काड्यांच्या मधून आत सरकतात. आणि हे दोन हक्स्ली एकमेकांचे कोणीही लागत नव्हते. आमच्याकडं एका आडनावाची दोन माणसं भेटली की चहा येईपर्यंत भावकी निघते आणि चहा संपेपर्यंत बांधाचा वाद. ते दोघं वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तराला पोचले, ते भावकी नसल्यामुळंच असणार.

तर फोटोसाठी दंड फुगतो तेव्हा आतलं कोणी तसूभरही आखूड होत नाही. सगळे एकमेकांत घुसतात. लांबी कमी होते, माल तेवढाच राहतो, म्हणून तो वर येतो.

ही सरकासरकी चालते कशी, ते मी शेजारच्या मावशीला सांगायला गेलो. पाडव्यानंतर कारखान्याहून आलेली मावशी ओट्यावर पोटऱ्या चोळत बसली होती. पोटरी अशी की अंगठा रुतत नाही.

"रातच्याला गोळा येतो रे पोटरीत. काहून येत असंल?"

असा श्रोता पुन्हा मिळायचा नाही म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. मेंदूकडून हुकूम निघतो, नसेच्या टोकाला एक रसायन सांडतं, पेशीत कोंडून ठेवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं. बारक्या काडीवर पहारा देणारं प्रथिन त्यामुळं बाजूला होतं. लगेच जाड्या काडीवरची मायोसिनची डोकी तिला धरतात, हिसका मारतात, सोडतात, पुढं धरतात. कॅल्शियम परत आत कोंडलं जाईपर्यंत धर-सोड चालूच. यात गंमत अशी, की धरलेली काडी सोडायला डोक्याला एटीपी लागतं. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. ती हातावर पडल्याशिवाय डोकं काडी सोडत नाही.

"म्हंजी उचलच की," मावशी म्हणाली.

"हो, तसंच."

"तसंच काय बोलायलास? आमच्यात उलटंय. आमी उचल घेतली की अडकलो. तुझ्या काडीला उचल भेटली की ती सुटती. काडी बरी म्हणायची."

उचल म्हणजे टोळीच्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. तिचं याहून थोडक्यात विवेचन माझ्या वाचनात नाही. गोळ्याचं म्हणाल तर तिथं नस हुकूम देतच सुटते आणि स्नायू सैल पडायचं नाव घेत नाही. पायाचा चवडा वर ओढून पोटरी ताणली की तो सुटतो. हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत मावशीनं भिंतीला पाऊल लावून पोटरी ताणलीसुद्धा होती.

रोकड कायमची आटली तर काय होतं, तेही गावाला ठाऊक आहे. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठतं, कारण डोक्यांनी धरलेल्या काड्या धरलेल्याच राहतात. म्हणून तर जाणती माणसं मयताचे हातपाय लगेच सरळ करून घेतात, हनुवटी बांधतात.

बेटकुळी का टिकत नाही, तेही यातच आलं. हात जागचा हलला नाही तरी आत धर-सोड चालूच असते आणि रोकड जळत असते. आता हिशेब बघा. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीपाशी आपल्या पाळीची वाट बघत बाई उभी आहे. भौतिकशास्त्राच्या हिशेबात तिचं काम शून्य, मोळी हललीच नाही. मजुरीच्या हिशेबातही शून्य, पैसे टनावर. फक्त तिच्या मानेचा आणि मांड्यांचा हिशेब चालू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही टनालाच.

शाळेच्या पुस्तकात स्नायूंच्या तीन जाती दिल्यात. हाडांवरचे पट्टकी, आतल्या अवयवांचे अपट्टकी आणि हृदयाचे. पहिले आपलं ऐकतात, दुसरे-तिसरे कोणाचंच नाही. गर्भाशयाची भिंत अपट्टकी स्नायूची. पाळीत पोटात कळा येतात त्या त्याच्याच आकुंचनाच्या. त्याला मुकादमाचा हुकूम कळत नाही, तो हंगामातही सुट्टी मागतो. सुट्टी म्हणजे खाडा आणि खाड्याचे पैसे कापतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्याचा आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पुढचा विनोद पुढच्या परिच्छेदात.

जिममधल्या पोरांना एक फुकटची सूचना आहे. वजन वर घेताना स्नायू आखडत ओढतो. तेच वजन सावकाश खाली ठेवताना तो ओढत असतो आणि लांबतही असतो, आणि खरा कस तिथं लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग भरून येतं ते मुख्यतः या उतरवण्यानं. त्यासाठी तुम्ही लॅक्टिक आम्लाला शिव्या देता, ते तर व्यायामानंतर तासा-दोन तासांतच निघून गेलेलं असतं. तर उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हा रांगेत हंडे घेऊन कोण उभं आहे ते एकदा बघा आणि त्यांना बाजूला बसवा. दोन हातांत दोन भरलेल्या कळश्या, घरापर्यंत, आणि खाली ठेवताना घाई नको. फी लागत नाही, आणि घरात पाणीही येतं.