आधी टोन, मग गाणे

अलिबागच्या रिसॉर्टांत वाजवणाऱ्या गिटारवादकांचा जाहीर सत्कार व्हावा. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला नि डझनभर अॅम्प्लिफायरांचे आवाज एका डबीत मावले. आता ते भर मैफलीत टॅबलेटवर दुरुस्तही होतात. साठच्या दशकातल्या मार्शल अॅम्प्लिफायरची नेमकी ऊब शोधताना कलाकार मान वर काढत नाही. (ती ऊब बाहेर पडते खाऱ्या हवेने गंजलेल्या एकुलत्या स्पीकरमधून, असो.) आमची नम्र सूचना : वाजवण्याचा व्यत्ययच काढून टाकावा. तिकीट लावून निव्वळ सेटिंग दाखवावे, ‘वन्स मोअर’ला रिव्हर्ब पुन्हा कमी करावा.

परवा रात्री दहाला, म्हणजे स्पीकर बंद करायच्या कायदेशीर वेळेला, टोन जमला. श्रोते मात्र केव्हाच शेजारच्या हळदीत बेंजोवर नाचत होते. बेंजोवाल्याकडे बटण एकच, तेही शेवटपर्यंत पिळलेले.