कॅरमवर जोर काढू नयेत

मॉलमधल्या गेमिंग झोनमध्ये एअर हॉकी खेळून तरबेज झालेली पोरं चवथीला गावच्या घरी आली की माळ्यावरून उतरवलेल्या कॅरमकडे जरा दयेनेच पाहतात. ही दया अस्थानी आहे. दोन्ही खेळांची खटपट एकच, घर्षण घालवण्याची. अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीच्या लोकांनी १९६९ च्या सुमारास भोकाभोकांतून हवा सोडणारं गुळगुळीत टेबल करायला घेतलं, पण त्यावर नेमकं खेळायचं काय हे ठरायला १९७२ उजाडलं. आपल्याकडे तेच काम बोरिक पावडरच्या एका चिमटीत होतं, आणि पावसाळी संध्याकाळी पेडण्यात वीज गेली तरी मेणबत्तीवर होतं. एअर हॉकीचा पंखा थांबला की चकती जागच्या जागी बसते. म्हणून पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या होतकरूंसाठी हे मार्गदर्शन कॅरमचं. त्याचा सिद्धांत एकच आहे आणि तो आधीच सांगितलेला बरा, कारण ज्या काकांसाठी तो आहे ते शेवटपर्यंत वाचणार नाहीत : कॅरममध्ये माणूस नेम चुकल्यामुळे हरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा जोर जास्त झाल्यामुळे हरतो.

पुरावा मोजपट्टीत आणि तराजूत आहे. स्पर्धेच्या नियमांप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची. म्हणजे तिप्पट वजनाचा गडी तिच्यावर जाऊन आदळतो. अगदी समोरासमोर टोला बसला तर गणिताने सोंगटी स्ट्रायकरच्या जवळजवळ दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागोमाग जातो. भरलेला खाणीचा ट्रक ब्रेक दाबल्या दाबल्या थांबत नाही, हे डिचोलीकरांना वेगळं शिकवायला नको. आता पॉकेट असतं साधारण ४.४५ सेंटिमीटरचं आणि स्ट्रायकर ४.१३ सेंटिमीटरचा, दोहोंत उणीपुरी तीन मिलिमीटरची फट. सरळ रेषेतली सोंगटी काकांनी दणकून मारली की ती पॉकेटात जाते, तिच्यामागून स्ट्रायकरही जातो, आणि मग दोन सोंगट्या बोर्डावर परत येतात : एक ही आत्ता घेतलेली आणि एक दंडाची. काका म्हणतात, नशीब. हे नशीब नाही, वजन आहे. त्यावर उपायही सोपा : सरळ सोंगटीला किंचित बाजूने स्पर्श करावा, किंवा इतकं हळू मारावं की मागून येणाऱ्या स्ट्रायकरचा दम वाटेतच संपेल.

बोर्ड आतून ७४ सेंटिमीटर चौरस. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मीटरभराहून थोडं जास्त. याहून लांब सोंगटीला सरळ जायचंच नाही. पण वेग दुप्पट केला की ती थांबण्यापूर्वी चौपट अंतर कापू पाहते, आणि बोर्ड चौपट मोठा होत नाही. उरलेला वेग मग चौकटीवर आपटत, इतरांना धक्के देत, प्रतिस्पर्ध्याची अडकलेली सोंगटी मोकळी करत खर्च होतो. शिवाय सावकाश आलेली सोंगटी पॉकेटाच्या कडेला लागली तरी कलंडून आत पडते. जोरात आलेली तीच सोंगटी कडेवरून उसळून परत येते. म्हणजे हळू मारणाऱ्याला पॉकेट थोडं मोठं मिळतं, तेही फुकट. आणि गुण मोजले जातात ते समोरच्याच्या बोर्डावर उरलेल्या सोंगट्यांचे. त्याच्या सोंगट्या स्वतःच्या हाताने सोडवून देणं ही समाजसेवा आहे, खेळ नव्हे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अस्सल गोमंतकीय आहे : पावसात बोर्ड जड होतो, हळू मारलेली सोंगटी अर्ध्या वाटेत बसते, मग जोर लावायचा नाही तर काय करायचं? तक्रार खरी आहे. चवथ भाद्रपदात येते, म्हणजे जूनपासून भिंती ओल प्यायलेल्या असतात आणि बोर्ड वर्षभर माळ्यावर किंवा दाराआड तिरका टेकवून ठेवलेला असतो. तिरका ठेवलेला प्लायवूड वाकतो आणि मग सगळ्या सोंगट्या एकाच कोपऱ्याकडे प्रेमाने निघतात. पण दमट बोर्डावर जोराचा उतारा म्हणजे रोग्याला ओरडून बरं करणं. बोर्ड सपाट ठेवावा, खाली चार कोपऱ्यांना सारखा आधार द्यावा, खेळण्याआधी कोरड्या सुती फडक्याने पुसावा. पूर्वी बोर्डावर शेडमधला शंभर वॉटचा दिवा टांगत, तो उजेडाबरोबर ऊबही द्यायचा आणि लाकूड कोरडं राहायचं. एलईडी आल्यापासून उजेड आहे, ऊब नाही. तेव्हा खेळाआधी जुना पिवळा दिवा अर्धा तास लावावा, नाहीतर पंख्याखाली बोर्ड ठेवावा. पावडर बोरिकचीच आणि चिमूटभर. डब्यातली दमटून गोळे झालेली पावडर चुरून टाकली तरी बोर्डावर खडेच पडतात. तिच्या जागी टाल्कम पावडर टाकणारे पुढे चिकटपणाला तोंड देतात, मैदा टाकणारे मुंग्यांना, आणि रांगोळी टाकणाऱ्यांनी हा लेख इथेच थांबवावा.

तेलाचं प्रकरण वेगळं सांगावं लागेल, कारण चवथीत नेवऱ्या असतात. नेवरी खाऊन तसाच स्ट्रायकर धरला की बोटावरचं तूप-तेल स्ट्रायकरला, तिथून बेसलाइनला आणि तिथून पावडरला लागतं, आणि बोर्डाच्या चारही बाजूंना काळपट पट्टे उमटतात. काकांचा पट्टा सगळ्यांत ठळक. खाणं बंद करा असं कोणी म्हणत नाही. डाव्या हाताने खावं, घरातल्या मोठ्यांनी न पाहिल्यास.

दुसरा आक्षेप नियमांचा दाखला देऊन येतो : स्ट्रायकर ढकलायचा नाही, मारायचा असतो. बरोबर, पण मारणं म्हणजे बोट सुटून टिचकी बसणं, खांदा फिरवणं नव्हे. बोट स्ट्रायकरच्या अगदी जवळ, जवळजवळ टेकलेलं ठेवावं. लांबून आणलेलं बोट स्ट्रायकरला नेमकं कुठे लागेल हे त्या बोटालाही ठाऊक नसतं. बाकीचा हात बोर्डावर टेकलेला, स्थिर. जोर मनगटाच्या मागून यायला लागला की नेम गेला समजावं.

तिसरा आक्षेप एअर हॉकीवाल्या पोरांचा : तिथे तर वेगच जिंकतो. तिथेही नाही. तिथले मुरलेले खेळाडू हातातला ठोकळा आपल्या गोलच्या तोंडाशी न ठेवता थोडा पुढे, मधोमध धरतात. सरळ फटका तिथेच अडतो, आणि कडेवरून आपटून आला तर ठोकळा गोलच्या त्या कोपऱ्यावर मागे घेतात. तीन जागा, छोट्या हालचाली. सात गोलांचा डाव बहुधा तोच जिंकतो जो दोन फटक्यांच्या मध्ये स्वस्थ बसू शकतो. घर्षण नसलेल्या टेबलावर चुकलेला जोरकस फटका विरत नाही, तो कडेवर आपटून मारणाऱ्याच्याच गोलकडे परत येतो. कॅरमवर पावडर निदान थोडी दया करते.

धीराचा पुरावा इतिहासातूनही देता येतो. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली, डिचोलीला पोचायला त्यांना १७८१ लागलं आणि पेडण्याला १७८८. इतके सावकाश खेळूनही १९६१ मध्ये बोर्ड सोडावा लागला, तेव्हा हा पुरावा फार ताणू नये.

डावपेचांचं थोडक्यात. पॉकेटाच्या तोंडाशी बसलेली आपली सोंगटी लगेच घेऊ नये. ती कुठे पळून जात नाही, आणि तिथे बसून समोरच्याची वाट अडवते. आधी अवघड ती काढावी. राणीचे गुण तीन, पण ती पाठोपाठ कव्हर झाली तरच, आणि आपले २२ गुण झाले की राणीचे मिळतच नाहीत. तरीही काका २३ वर असताना राणीच्या मागे लागतात. घुमट वाजू लागून सगळे आरतीला उठले तर बोर्डावर फडकं टाकून जावं. परत आल्यावर कोणाची सोंगटी कुठे होती यावर होणारा वाद आरतीपेक्षा लांबतो.

आता काकांचं काय करायचं? प्रामाणिकपणे पाहिलं तर माळ्यावर चढून बोर्ड तेच उतरवतात, पावडरचा डबा डिचोलीच्या बाजारातून तेच आणतात, हरवलेल्या काळ्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण चालेल का हेही तेच पाहतात. त्यांना वगळून खेळ सुरूच होत नाही. त्यांचा जोर पूर्ण निरुपयोगी आहे असंही नाही : मधल्या एकोणीस सोंगट्यांचा गच्च बसलेला घोळका फोडायला थोडा जोर लागतोच, आणि ते त्यांच्याइतक्या आनंदाने कोणी करत नाही. म्हणून चौघांच्या डावात त्यांना आपला पार्टनर घ्यावं. पार्टनर समोर बसतो, त्यामुळे त्यांचे चौकटीवर आपटून परतलेले स्ट्रायकर त्यांच्याकडे जातात, आपल्याकडे नाही. ब्रेक त्यांनाच द्यावा, तो झाला की त्यांच्यापुढे नेवऱ्यांचं ताट सरकवावं, आणि त्यांची पुढची पाळी येईपर्यंत आपल्या सोंगट्या हळूहळू काढत राहावं.