न पडणाऱ्या पावसाची सहल

पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर, पाराकासपासून नाझकापर्यंत, प्रवाशांना जे जे दाखवतात त्याचा खरा कर्ता एकच: न पडलेला पाऊस. माहितीपत्रकात त्याचं नाव नसतं. जे नाहीच त्याचा फोटो कुठून आणणार? समुद्रातला थंड हम्बोल्ट प्रवाह वरची हवा गार ठेवतो, म्हणून ढग बरसण्याइतके वर चढतच नाहीत. फार तर धुकं देऊन बोळवण करतात. त्याच गार पाण्यात मासळी मुबलक. त्यामुळे बायेस्तास बेटांवर सी लायन लोळतात, पक्ष्यांची झुंबड उडते आणि बर्फाचा पत्ता नसताना पेंग्विन मजेत राहतात. इतकं खाल्ल्यावर पुढचंही ओघानं आलंच. ते धुऊन न्यायला पाऊस नाही, म्हणून थरावर थर साचतात. दुरून बेट हिमाच्छादित भासतं. वारा बोटीकडे वळला की काव्य संपतं. हसण्यावारी नेऊ नये, हे खत एके काळी पेरूच्या तिजोरीचा आधार होतं आणि 1864 साली स्पेनच्या आरमाराने याच खताने भरलेली जवळची चिंचा बेटं काबीज केली होती.

कोणी म्हणेल, नाझकाच्या रेषा तर माणसांनी काढल्या. काढल्या खऱ्या, गडद दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली. पण राखल्या कोणी? या रेषांनी रेखाटलेलं माकड आंबोलीच्या पठारावर काढलं असतं, तर पहिल्याच आषाढात शेपटी वाहून गेली असती. इथे ते दीड-दोन हजार वर्षं टिकलं. सरड्याच्या चित्राचे मात्र पॅन-अमेरिकन महामार्गाने दोन तुकडे केले. रेषांचं श्रेय परग्रहवासीयांना देणारे पुष्कळ. या रस्त्याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही.

द्राक्षांचा आक्षेप जास्त वजनदार आहे. याच भागातल्या इकाच्या द्राक्षमळ्यांना पाणी लागतंच, पण ते अँडीजमधून उतरणाऱ्या नद्यांचं आणि जमिनीखालचं. वरून काही पडत नाही, आणि अवकाळीने घड गमावलेल्या नाशिकच्या बागायतदाराला यातलं सुख वेगळं सांगायला नको. अर्थात फुकट काहीच नसतं: उपशाने भूजल खालावलं आणि पोस्टकार्डावर मिरवणाऱ्या हुआकाचिनाच्या तळ्यात बाहेरून पाणी सोडावं लागतं. याच द्राक्षांची पिस्को नावाची दारू होते. ती मूळची कोणाची, यावर पेरू आणि चिली वर्षानुवर्षं भांडताहेत. चिलीत ऊर्ध्वपातनानंतर पाणी घालून तिची तीव्रता उतरवायला मुभा आहे. पेरूच्या नियमात एक थेंबही चालत नाही.