गाडी कंटेनरमध्ये होती, मग टोल कुणाच्या चाकांनी भरला?

गाडी सुरक्षित पोहोचवण्याचे पैसे घेणाऱ्या मालकांस,

तुम्हाला नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मुलीची बदली बेंगळुरूला झाली आणि तिची गाडी नाशिकच्या इंदिरानगरातून तुमची माणसं घेऊन गेली. ‘बंद कंटेनर, चाकांना पट्टे, टायरला रस्तासुद्धा लागणार नाही,’ हे शब्द तुमचेच. गाडीचा फास्टॅग माझ्या मोबाइलला जोडलेला आहे. त्याच संध्याकाळी शिंदे टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज आला. मग हिवरगाव पावसा. मग चाळकवाडी. रात्री खेड शिवापूर, आणेवाडी. फोन केला तर म्हणालात, “काका, काळजी करू नका, टॅग चुकून स्कॅन होतो.” एकामागून एक प्रत्येक नाक्यावर, कारच्या दराने, पत्र्याच्या बंद डब्याच्या आतून चुकून? दुसऱ्याला इतकं बावळट समजायचं धाडस येतं कुठून?

गाडी नेताना मी मीटरचा फोटो काढला होता, मुलीने ताबा घेताना काढला. दोन्हींत हजारावर किलोमीटरचा फरक आहे. नाशिक ते बेंगळुरू अंतर तेवढंच भरतं. मागच्या सीटवर गाद्या बांधायच्या सुतळीचे तुकडे होते, चालकाच्या दाराच्या खणात गुटख्याची पुडी आणि डाव्या दारावर हातभर ओरखडा. म्हणजे गाडी नेण्याचं भाडं आमच्याकडून घेतलंत आणि त्याच गाडीत दुसऱ्याचं सामान कोंबलंत. त्याचंही भाडं तुम्ही सोडलं असेल, असं मला वाटत नाही.

हे तुम्ही नाशिकमध्ये केलंत, याचा जास्त संताप येतो. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. तिथल्या नव्याकोऱ्या गाड्या ट्रेलरवर चढून गावाबाहेर पडताना आम्ही कैक वर्षं बघतोय. गाडी नीट कशी न्यायची ते या गावाला शिकवावं लागत नाही. कंपनीची गाडी बांधून जाते, कारण ओरखडा निघाला तर कंपनी ट्रान्सपोर्टरचं बिल अडवते. आमच्याकडून तुम्ही पैसे आधीच घेतलेले असतात.

ओरखड्याचं सोडा, तो रंगवता येईल. तुमच्या त्या अनोळखी चालकाने रात्री कात्रजच्या उतारावर कुणाला उडवलं असतं तर? आरसीवर नाव माझ्या मुलीचं. भरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून नोटीस तिला आली असती, आणि तुम्ही मोबाइल बंद करून बसला असतात. तुम्ही फक्त तिची गाडी वापरली नाहीत, तिचं नावही वापरलंत. याची मला झोप उडवणारी चीड आहे.

बिल्टी मागितली तर हाती आली कच्ची पावती. तिच्यावर ना ट्रेलरचा नंबर, ना गाडीच्या किमतीचा आकडा. ‘ट्रान्झिट इन्शुरन्स’चे पैसे वेगळे घेतलेत आणि पॉलिसीच्या जागी स्वतःच्या लेटरहेडवर छापलेला कागद दिलात, त्यावर विमा कंपनीचं नाव नाही की पॉलिसी नंबर नाही. मग ते पैसे कुठे गेले? गाडी ताब्यात देताना तर ‘कर्नाटकचा एंट्री टॅक्स’ म्हणून आणखी पैसे मागितलेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांचा प्रवेश कर त्यात गेला. पण परक्या शहरात एकटी मुलगी रस्त्यावर उभी, किल्ली तुमच्या माणसाच्या मुठीत. ती काय करणार? तिने पैसे दिले. याला माझ्या भाषेत खंडणी म्हणतात.

नाशिककरांनो, तुमच्यापैकी कुणाची गाडी उद्या जाणार असेल तर एवढं ऐका. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार ट्रान्सपोर्टरची नोंदणी हवी. गाडीची किंमत कागदावर लिहून, जास्त जोखमीचं भाडं ठरवून घ्या. नाहीतर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच धरली जाते. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर रस्त्याने किंवा रेल्वेने नेताना होणारं नुकसान त्यात साधारणपणे येतं. पॉलिसी आधी काढून वाचा. किल्ली देण्यापूर्वी त्या ट्रेलरचा नंबर बघा, आणि गाडी त्यावर चढताना स्वतः उभे राहा.

आता मालक, तुमच्याकडे वळतो. याच कायद्यात दाव्याआधीच्या लेखी नोटिशीला १८० दिवसांची मुदत आहे. आमची नोटीस स्पीड पोस्टाने निघाली आहे. तक्रार मुलगी राहते तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, त्यामुळे ‘या नाशिकला’ असं सांगून आम्हाला दमवता येणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फीदेखील नाही. फास्टॅगचं स्टेटमेंट, मीटरचे दोन्ही फोटो आणि तुमच्या फोनचं रेकॉर्डिंग जोडलं आहे.

उत्तरात मला गयावया नको. ट्रेलरचा नंबर, चालकाचं नाव आणि परवाना, विमा पॉलिसीची प्रत आणि ‘एंट्री टॅक्स’ भरल्याची सरकारी पावती, एवढं पाठवा. यातलं काहीच नसेल तर भाडं, विम्याचे पैसे आणि मुलीकडून उकळलेली रक्कम तिच्या खात्यात जमा करा. खाते क्रमांक नोटिशीत दिला आहे.

एक नाशिककर